गिटारची गवसणी

वाचकहो, ‘आकाशाला गवसणी घालणे’ हा वाक्प्रचार आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत पाठ केला असेल. आम्हीही केला होता. परंतु गवसणी म्हणजे नेमके काय, हे आम्हांस अनेक वर्षे ठाऊक नव्हते. तंबोरा, सतार, वीणा यांसारख्या वाद्यांवर धूळ बसू नये, ओरखडे पडू नयेत म्हणून जी कापडी खोळ घालतात, ती गवसणी. एवढ्याशा खोळीत आकाश कोंबायला निघालेला माणूस डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्या वाक्प्रचाराची गंमत कळते.

आम्हांला ती गंमत कळली, पण थोडी महागात. अमेरिकेतील शॉमबर्ग या गावी, एका जुन्या गिटारच्या निमित्ताने. आज आपल्या बेटावर घरोघरी गिटार आहे. मुले सेगा वाजवतात, हिंदी चित्रपटांतील गाणी वाजवतात, आणि गणपतीच्या दिवसांत भजनालाही गिटारची साथ असते. मुले शिकायला, नोकरीला परदेशी निघाली की गिटारही बरोबर निघते. म्हणून आम्ही केलेली चूक आणि तिच्यातून शिकलेले चार धडे येथे मोकळेपणाने सांगत आहोत.

दादांची गिटार

आमचे थोरले बंधू व्हाकवा येथे राहत. त्यांची गिटार नायलॉनच्या तारांची, साधीच. तरुणपणी पोर्ट लुई बंदरावरील एका खलाशाकडून त्यांनी ती घेतली, असे ते सांगत. घरात लग्न असो, बारसे असो की आरतीनंतरची बैठक असो, दादा कोपऱ्यात बसून ती छेडत. व्हाकवाचा पाऊस आणि दमट हवा आपणां सर्वांना माहीत आहेच. तिथे कपाटातील चपलांनाही बुरशी येते. म्हणून वहिनींनी आपल्या एका जुन्या साडीची दुहेरी खोळ शिवून गिटारला घातली होती. पुढे कितीतरी वर्षे दादांची गिटार त्या साडीच्या गवसणीतच राहिली.

दादा गेले. त्यांची मुलगी, म्हणजे आमची पुतणी, शॉमबर्गला संसार करते. तिची चौदा वर्षांची लेक शाळेत गिटार शिकते. वहिनींनी ठरवले की आजोबांची गिटार नातीकडे जावी. आम्ही तिकडे जाणारच होतो, तेव्हा ते काम आमच्याकडे आले. वहिनींनी गवसणी धुऊन, इस्त्री करून, गिटारला घालून आमच्या हाती दिली. तिच्यावर आम्ही बाजारातून आणलेली एक पातळ पिशवी चढवली आणि निघालो. विमानात हातात धरून नेऊ, मग काळजी कसली, असा आमचा हिशेब.

पहिल्या विमानात सर्व ठीक झाले. दुसऱ्या विमानाच्या दाराशी मात्र वरचे कप्पे भरल्याचे कारण सांगून गिटार आमच्याकडून घेतली गेली आणि खाली सामानात टाकली गेली. आम्ही विनवणी केली, पण रांग मागे खोळंबली होती. शॉमबर्गला घरी पोचल्यावर मुलीने मोठ्या उत्साहाने गवसणी सोडली. गिटारचे डोके, म्हणजे जिथे खुंट्या असतात तो भाग, मानेपासून जवळजवळ सुटून तारांवर लोंबत होते.

मुलगी एक शब्द बोलली नाही. पुतणी म्हणाली, “काका, आईला आताच काही सांगू नका.” आम्हीही मान डोलावली. ती दुसरी चूक. तिच्याविषयी शेवटी.

गिटारचे गाव

शॉमबर्ग हे शिकागोच्या वायव्येला, ओहेअर विमानतळापासून मोटारीने फार लांब नसलेले गाव. कायद्याने ते अजूनही ‘खेडे’च म्हणवते, पण वस्ती सुमारे ७८ हजारांची. जर्मन शेतकऱ्यांनी वसवलेल्या या जागेला १९५६ साली गावाचा दर्जा मिळाला. १९७१ साली तिथे वुडफील्ड नावाचा प्रचंड बाजार उभा राहिला आणि शेतांच्या जागी रस्ते, कचेऱ्या व घरे आली. आज त्या भागात भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांत मराठी घरेही आहेत. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ सालापासून चालू आहे. म्हणजे तिकडच्या मराठी माणसांनाही परदेशी सण साजरे करण्याचा अनुभव आता जुना झाला.

हा भाग गिटारच्या इतिहासातही मोठा आहे, हे आम्हांस तिथे गेल्यावर समजले. एके काळी शिकागो ही स्वस्त आणि टिकाऊ गिटारींची मोठी पेठ होती. हार्मनी नावाचा कारखाना तिथे १८९२ साली निघाला. १९१६ साली तो सीअर्स या टपालाने माल विकणाऱ्या पेढीने घेतला. शेतावरच्या मुलाने सूचीपत्र पाहून पैसे पाठवावेत आणि गिटार आगगाडीने घरी यावी, असा तो व्यवहार. १९७५ साली हार्मनीचा कारखाना बंद पडला. गंमत अशी की वुडफील्ड या नावातील ‘वुड’ हे सीअर्सचेच एक प्रमुख रॉबर्ट वुड यांचे आडनाव, आणि ‘फील्ड’ हे शिकागोचे प्रसिद्ध दुकानदार मार्शल फील्ड यांचे.

सीअर्सने १९६०च्या दशकात सिल्व्हरटोन या नावाने एक विजेवरची गिटार विकली. तिच्या पेटीतच आवाज मोठा करणारे यंत्र आणि कर्णा बसवलेला होता. पेटी उघडावी, उभी करावी, तार जोडावी, की वाजवायला सुरुवात! पेटी म्हणजे वाद्याचे ओझे नव्हे, वाद्याचाच एक भाग, ही कल्पना त्या लोकांना तेव्हाच सुचली होती.

आणि ओहेअर विमानतळावरच २००८ साली एक गोष्ट घडली, जी पुढे जगभर गाजली. डेव्ह कॅरोल हे कॅनडाचे गायक हॅलिफॅक्सहून ओमाहाला चालले होते. ओहेअरला विमान थांबले असता, सामान हाताळणारे लोक गिटारी फेकत आहेत, असे एका प्रवाशाने खिडकीतून पाहिले. कॅरोल यांची सुमारे साडेतीन हजार डॉलर किमतीची टेलर गिटार मोडली. दुरुस्तीला बाराशे डॉलर लागले. ठरलेल्या मुदतीत तक्रार केली नाही, या कारणाने युनायटेड कंपनीने भरपाई नाकारली. कित्येक महिने पत्रव्यवहार करून ते कंटाळले, आणि जुलै २००९ मध्ये त्यांनी याच विषयावर गाणे रचून प्रसिद्ध केले. ते लाखो लोकांनी ऐकले, तेव्हा कुठे कंपनीला जाग आली. पण सगळ्यांनाच काही गाणे रचता येत नाही. म्हणून गिटार मोडणारच नाही, असे पाहणे बरे.

गिटार मोडते कशी?

पुतणीने गिटार एका कारागिराकडे नेली. त्याने डोके पुन्हा चिकटवले, शिकंजात धरून ठेवले, आणि काम नीट झाले. नीट झालेला असा सांधा पुष्कळदा मूळ लाकडाइतकाच पक्का होतो, असे तो म्हणाला. मग त्याने आम्हांस समोर बसवून समजावले.

लोकांना वाटते, वरून काहीतरी जड पडले की गिटार मोडते. तसे होते, पण कमी वेळा. जास्त वेळा गिटार मोडते ती पडल्यामुळे. पेटी उभी असताना पाठीवर आडवी पडली की धड एकदम थांबते, पण डोके मात्र पुढे जाऊ पाहते. मोटार अचानक थांबली की आपली मान कशी झटका खाते, तसेच. त्यातच तारांचा ताण असतो. नायलॉनच्या सहा तारा मिळून सुमारे चाळीस किलोचा ओढा लावतात, आणि पोलादी तारा सत्तर किलोंहून अधिक. मान आणि डोके यांच्यामधली जागा सर्वांत बारीक, आणि तिथेच लाकडाचे रेषे तिरपे कापलेले असतात. म्हणून बाहेर एक ओरखडाही न दिसता आत गिटारची मान मोडलेली सापडते.

यावरून पेटीची कामे तीन ठरतात. बाहेरचा दाब सोसणे हे एक. धक्का गिळून टाकणे हे दुसरे. आणि गिटारला आत हलू न देता मानेला खालून आधार देणे, हे तिसरे व सर्वांत मोठे. आमची साडीची गवसणी यांतले एकही काम करू शकत नव्हती.

वजनाचा हिशेब

गिटारची पेटी म्हणावी तर आपल्या घरांत पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. केस म्हणावे तर डोक्यावरचे आठवतात. असो. शब्द कोणताही वापरा, दुकानात गेल्यावर आपल्यापुढे साधारण पाच प्रकार येतात.

पहिला प्रकार म्हणजे पाठीवर अडकवायची मऊ पिशवी. वजन एक ते अडीच किलो. अगदी पातळ असेल तर ती फक्त पाऊस-धुळीपुरती. चांगल्या पिशवीत दोन-तीन सेंटिमीटर जाड फोम असतो, मानेखाली पक्की उशी असते आणि तळाला रबराचा जाड तुकडा असतो. बसने शिकवणीला जाणाऱ्या मुलाला ती उत्तम. विमानाच्या पोटात टाकायला मात्र नव्हे.

दुसरा प्रकार फोमच्या कवचाचा. बाहेर कापड, आत दाबून घट्ट केलेला फोम, गिटारच्या आकाराची खाच आणि भोवती चेन. वजन दोन-अडीच किलो. आकार धरून राहतो, धक्का गिळतो, किंमतही माफक. पण वर कोणी बसले किंवा जड ट्रंक पडली तर तो दबतो.

तिसरा प्रकार जुना, ओळखीचा. प्लायवूडची पेटी, वर काळे रेक्झिन, आत मखमल. वजन साडेचार ते साडेपाच किलो. घरात ठेवायला आणि मोटारीतून न्यायला चांगली. मात्र यातल्या स्वस्त पेट्यांत मखमलीखाली गादी फार थोडी असते. बाहेरून दणकट दिसते, पण धक्का सरळ गिटारला जातो.

चौथा प्रकार साच्यात घडवलेल्या हलक्या पेट्यांचा. बाहेर पातळ पण चिवट प्लास्टिकचे किंवा फायबरग्लासचे कवच आणि आत जाड फोम. वजन तीन ते साडेपाच किलो. याच कुळातली कार्बनच्या धाग्यांची पेटी तीन किलोंच्या आसपास असूनही फार भक्कम असते, पण तिची किंमत पुष्कळदा गिटारहून जास्त होते.

पाचवा प्रकार वाद्यवृंदांचा. जाड प्लायवूड, ॲल्युमिनियमच्या कडा आणि कोपऱ्यांना लोखंडी गोळे. वजन दहा किलोंच्या पुढे. ती ट्रकमध्ये चढवायची पेटी, मुलांच्या पाठीवरची नव्हे.

आता गिटार स्वतः केवढी? नायलॉनच्या तारांची गिटार दीड ते दोन किलोंची. म्हणजे दोन किलोंच्या वाद्यासाठी पाच किलोंची पेटी! पुतणीचा आग्रह सर्वांत जड पेटी घेण्याचा होता. एकदा मोडली, आता पुन्हा नको, असे ती म्हणे. आईचे मन ते. तेव्हा इतका वेळ गप्प असलेली मुलगी म्हणाली, “एवढी जड पेटी घेतलीत तर मी गिटार शाळेत नेणारच नाही. ती घरीच राहील.”

आम्हांस वाटते, या प्रश्नाचे सार तिने एका वाक्यात सांगितले. जी पेटी उचलवत नाही, ती वाद्याचे रक्षण करत नाही, वाद्याला कोंडून ठेवते. न वाजणारी गिटार अभंग राहिली तरी तिचा उपयोग काय? म्हणून हलकेपणा ही चैन नव्हे. वाजवणाऱ्याचे वय, त्याची उंची, तो चालत जातो की बसने, जिना किती मजल्यांचा, हे सर्व पेटी निवडताना पाहायचे.

दुकानात काय पाहावे

कारागिराने सांगितलेली रीत आम्ही वहीत लिहून घेतली. ती वाचकांच्या सोयीसाठी देतो.

नावावर जाऊ नये, माप घ्यावे. गिटारची एकूण लांबी, धडाची लांबी, खालच्या फुगवट्याची रुंदी, वरच्या फुगवट्याची रुंदी, कमरेची रुंदी आणि बुडाशी असलेली खोली, ही सहा मापे फीत लावून कागदावर लिहावीत. नायलॉनच्या तारांची नेहमीची गिटार सुमारे एक मीटर लांब आणि खाली सदतीस सेंटिमीटर रुंद असते. पोलादी तारांची मोठी गिटार जवळजवळ चाळीस सेंटिमीटर रुंद आणि अधिक खोल असते. एकीची पेटी दुसरीला चालत नाही.

गिटार आत ठेवून पेटी बंद करावी आणि दोन्ही हातांनी हळूच हलवावी. आत सरकल्याचा आवाज आला तर ती पेटी सैल. झाकण दाबून बसवावे लागले तर ती घट्ट, आणि तारांखालच्या घोडीवर दाब येईल. दोन्ही नकोत.

मानेचा आधार कुठे आहे ते पाहावे. मान उशीवर टेकलेली असावी आणि डोक्याचे टोक पेटीच्या भिंतीला लागू नये. प्रवासात डोक्याच्या वर-खाली मऊ कापड भरावे. ठासून नव्हे, फक्त झटक्याला जागा राहू नये एवढेच.

मग कड्या, बिजागऱ्या आणि चेन तपासाव्यात. चेन पाच-सहा वेळा उघडझाप करून पाहावी. मूठ धरून उचलल्यावर पेटी एका बाजूला झुकते का पाहावे. पाठीवर घेण्याचे पट्टे असतील तर ते कशाला शिवले आहेत ते ओढून बघावे. कापड चांगले आणि शिवण कच्ची असली तर गिटार रस्त्यावरच पडायची.

रंगाचाही विचार करावा. काळी पेटी उन्हात फार तापते. उन्हात बंद मोटारीत ठेवलेल्या गिटारचा सरस मऊ पडून घोडी उखडू शकते. आपल्या बेटावर समुद्रकिनारी सहलीला जाताना हे विसरू नये.

दोन हवा, एक पेटी

आणखी एक गोष्ट आम्हांस तोवर सुचलीच नव्हती. पेटी म्हणजे गिटारची खोली. त्या खोलीत तिची हवा असते.

लाकडी गिटारला हवेत साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के ओलावा मानवतो. आपल्याकडे पावसाळी उन्हाळ्यात तो ऐंशीच्या वर जातो. लाकूड फुगते, पोट वर येते, तारा पडद्यांपासून उंच होतात आणि बोटे दुखू लागतात. शॉमबर्गला उलटे. हिवाळ्यात बाहेर बर्फ, पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंतही जातो, आणि घरात दिवसरात्र ऊब देणारी यंत्रे. त्या कोरड्या गरम हवेत घरातला ओलावा पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरतो. लाकूड आक्रसते, पडद्यांची टोके बोटांना टोचू लागतात आणि शेवटी पोटाला तडा जातो.

तेव्हा तिकडे पेटीत ओला स्पंज असलेली लहान डबी ठेवतात आणि इकडे ओल शोषणाऱ्या पुड्या. दोन्ही कामे करणाऱ्या पुड्याही मिळतात. हवा कोरडी झाली तर त्या ओलावा देतात, दमट झाली तर शोषून घेतात. ओलावा दाखवणारे लहानसे घड्याळ पेटीत ठेवले तर अंदाज करावा लागत नाही. हे सर्व बंद पेटीतच चालते. कापडाच्या खोळीतून हवा आरपार जाते.

थंडीतून घरात आणलेली पेटी लगेच उघडू नये, हेही तेथे कळले. गारठलेल्या लाकडाला एकदम गरम हवा लागली की वरच्या रोगणाला बारीक भेगा पडतात. पेटी तशीच बंद ठेवावी आणि काही तासांनी उघडावी. मुलांना धीर धरवत नाही, पण धरायला शिकवावे.

विमानाचे नियम

अमेरिकेत २०१२ साली याविषयी कायदा झाला आणि मार्च २०१५ पासून त्याचे नियम लागू झाले. वरच्या कप्प्यात किंवा आसनाखाली सुरक्षित मावणारे वाद्य, चढतेवेळी जागा असेल तर, अमेरिकन विमान कंपनीने आत नेऊ दिले पाहिजे. एकदा ठेवल्यावर मागून आलेल्याच्या सामानासाठी ते काढायला लावता येत नाही. लांबी, रुंदी आणि उंची मिळून दीडशे इंचांपर्यंतचे आणि वजनाने पंचाहत्तर किलोंपर्यंतचे वाद्य, विमानाच्या सोयीनुसार, सामानात घ्यावे लागते. पण ‘जागा असेल तर’ हे तीन शब्दांचे कलम विसरू नका. शिवाय हा नियम अमेरिकन कंपन्यांना लागू आहे. आपण बेटावरून ज्या विमानांनी जातो त्यांचे नियम निरनिराळे असतात. ते तिकीट काढण्यापूर्वी विचारावेत. आम्ही विचारले नव्हते.

म्हणून हातात नेण्याची तयारी असली तरी पेटी अशी असावी की वेळ आलीच तर खाली टाकता येईल. सामानात देताना तारा थोड्या सैल कराव्यात. पेटीत नाव, पत्ता व फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. अमेरिकेत तपासणीसाठी पेटी उघडतात, तेव्हा त्यांना उघडता येईल असेच कुलूप लावावे. निघण्यापूर्वी गिटारची छायाचित्रे काढावीत. आणि उतरल्यावर विमानतळावरच पेटी उघडून पाहावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते, पण तिथल्या तिथे केलेली बरी. आम्ही घरी जाऊन उघडली, आणि मग दुःखात दिवस घालवले.

लाकडाचाही एक कायदा आहे. ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत. त्या लाकडाची जुनी गिटार देशाबाहेर नेताना परवाने लागू शकतात. इतर शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून सूट मिळाली. आमच्या दादांची गिटार साध्या लाकडाची निघाली. साधेपणाचा असाही लाभ होतो.

हे सर्व केवळ गिटारचे नव्हे. पुतणीच्या ओळखीच्या मराठी घरांत मिरजेचे तंबोरे आहेत. मिरजेत तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये करायला घेतली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा गिटारच्या पोटाहून नाजूक. तो तर फायबरच्या पेटीखेरीज समुद्रापार नेऊच नये.

शेवटी काय घेतले

मुलीच्या शब्दाला मान देऊन आम्ही मधला मार्ग काढला. चौथ्या प्रकारातली, वापरलेली पण धड असलेली एक पेटी घेतली. बाहेर पातळ चिवट कवच, आत जाड फोम, पाठीवरचे पट्टे, रंग फिका राखाडी. वजन साडेतीन किलो. मुलीने ती पाठीवर घेऊन घराच्या जिन्याची दोनदा चढउतार केली आणि “चालेल” म्हणाली. येत्या डिसेंबरात ती आजीला भेटायला बेटावर येणार आहे, आणि गिटार याच पेटीतून येणार आहे.

राहिली दुसरी चूक. इतके महिने वहिनींपासून लपवलेली गोष्ट आम्हांस बोचत होती. त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलेल्या गवसणीत गिटार मोडली, हे कळले तर त्यांना काय वाटेल? पण मानेवरचा सांधा डिसेंबरात दिसणारच होता. शेवटी एका रविवारी आम्ही व्हाकवाला गेलो आणि सगळे सांगितले.

वहिनींनी चहाचा कप पुढे ठेवला. म्हणाल्या, “भावोजी, मला माहीत आहे. पोरीने पहिल्याच आठवड्यात फोन करून सांगितले. तुम्ही कधी सांगता याची वाट पाहत होते.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “ती खोळ मी धुळीसाठी शिवली होती. विमानासाठी नव्हे.”

आम्ही विचारले, “आता त्या गवसणीचे काय करायचे?”

त्याचेही उत्तर नातीने आजीला आधीच देऊन ठेवले होते. गवसणीची घडी करून ती नव्या पेटीत, गिटारच्या डोक्याभोवती ठेवते. कारागिराने सांगितले होते ना, तिथे मऊ कापड लागते.

वाचकहो, आपल्या घरात गिटार असेल तर आज फीत घ्या आणि ती सहा मापे लिहून ठेवा. मूल परदेशी निघण्याच्या आदल्या रात्री पेटी शोधू नका. आणि काही मोडलेच, तर घरच्या माणसांना लवकर सांगा. बहुधा त्यांना आधीच कळलेले असते.